फेब्रुवारीतली बाग, मे महिन्यासाठी

"होळी जळाली, थंडी पळाली" असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. नागपुरात थंडी पळते खरी, पण वसंताला टेकायला जागा ठेवत नाही. रथसप्तमीला पहाटे शाल लागते, महाशिवरात्रीला पंखा सुरू होतो आणि पाडव्याच्या आसपास माळ्यावरचा कूलर खाली येतो. कमाल तापमानाची सरासरी फेब्रुवारीत ३२ अंशांच्या आसपास असते, मार्चमध्ये ३६, एप्रिलमध्ये ४० आणि मेमध्ये ४२-४३. हे सरासरीचे आकडे झाले; मेमधल्या बऱ्याच दुपारी पारा ४५ ओलांडतो. म्हणजे झाडांना सुखाचे दिवस मिळतात ते जेमतेम चाळीस-पंचेचाळीस.

बागकामाच्या बहुतेक पुस्तकांत आणि व्हिडिओंत वसंत म्हणजे जोरात वाढीचा काळ असतो. भरपूर खत द्या, सपासप छाटा, नवी झाडं लावा. हा सल्ला चुकीचा नाही, दुसऱ्या मुलखातला आहे. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि उन्हाळा सौम्य असतो, तिथे तो चालतो. विदर्भात झाडांच्या वाढीचा खरा मोसम मृगाच्या पावसानंतरचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये करायची ती बेगमी. आपण जशा कुरडया-पापड वाळवून डब्यात भरतो, तशी झाडांची उन्हाळ्यासाठीची सोय.

माझी बाग म्हणजे त्रिमूर्तीनगरातल्या घराची गच्ची, तिच्यावरच्या साठ-सत्तर कुंड्या आणि अंगणात संत्र्याचं एकुलतं एक झाड. जे लिहितोय त्यातलं निम्मं झाडं मारून शिकलोय.

पान म्हणजे माठ

माठातलं पाणी गार का होतं, हे शाळेत शिकलो होतो. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. झाडाचं पान नेमकं हेच करतं. पानावर, विशेषतः खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं शंभरातलं नव्वदाहून जास्त पाणी या छिद्रांतून वाफ होऊन उडतं. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण त्यावरच पान गार राहतं. आणि त्याच छिद्रांतून झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं, ज्यापासून त्याचं अन्न तयार होतं.

मुळांकडून येणारं पाणी कमी पडलं की झाड ही छिद्रं मिटून घेतं. शटर ओढलं की चोरी थांबते, पण धंदाही थांबतो. पान गार राहत नाही, अन्न तयार होत नाही, आणि ऊन फारच असेल तर कडा करपतात. मे महिन्याच्या दुपारी नागपुरातली बहुतेक झाडं अशी शटर ओढून उभी असतात.

इथे एक गंमत आहे. मुंबईत कूलर चालत नाही आणि नागपुरात झकास चालतो, कारण आपली हवा कोरडी. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असते. ज्या कोरड्या हवेने कूलर गार होतो तीच हवा पानांतलं पाणीही खेचून घेते. त्यामुळे "कुंडीला दिवसातून एकदा पाणी" असा मुंबई-पुण्याचा हिशोब इथे लावला की झाड जातं.

मग हा साधा जमाखर्च झाला. मुळं म्हणजे जमा, पानं म्हणजे खर्च. वसंतातली सगळी कामं या दोन रकान्यांत बसतात: मुळं वाढवून घ्यायची, पाण्याचा खर्च आटोक्यात ठेवायचा आणि माती तापू द्यायची नाही.

कुंडी बदलायची ती मार्च निम्मा व्हायच्या आत

पाणी शोषण्याचं काम जाड मुळं करत नाहीत. ते करतात टोकाजवळचे केसांसारखे बारीक तंतू. कुंडी बदलताना कितीही हळुवार हात लावा, हे तंतू तुटतातच, आणि ते परत फुटून कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. फेब्रुवारीच्या मध्यावर कुंडी बदलली तर मार्चच्या मध्यापर्यंत झाड सावरतं, पुढे ४० अंश सोसायला त्याच्याकडे मुळं असतात. तेच काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केलं तर खर्च पूर्ण आणि जमा शून्य. मी १५ मार्च ही लक्ष्मणरेषा धरतो. राहून गेलेल्या कुंड्या पावसाळ्यापर्यंत तशाच ठेवायच्या, हात शिवशिवला तरी.

सगळ्या कुंड्या दरवर्षी बदलायची गरजही नसते. तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावत असतील किंवा पाणी वरच साचून राहत असेल, तेवढ्याच बदलायच्या.

आता आमच्या गच्चीवरचा एक प्रसंग. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी मोगऱ्याची कुंडी दाखवायला आणली. पानं चुरगळून पडत होती. काकूंचं म्हणणं, "दोन्ही टाइम पाणी टाकते, खालून निघूनही राहिलं, मग झाड का वाळून राहिलं?" मी कुंडीत मगभर पाणी ओतलं. पाच सेकंदांत सगळं पाणी खालून ताटलीत. झाड मातीच्या गोळ्यासकट उपसलं, गोळा मधोमध फोडला, आणि आतली माती पिठासारखी कोरडी निघाली.

झालं होतं असं की, कुंडीत नुसती काळी माती भरलेली होती. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात वावरांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. कुंडीतली माती आक्रसली की गोळा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो, बोटाएवढी फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून पाणी, खालून पाणी, मधे दुष्काळ.

यावर तातडीचा इलाज म्हणजे अख्खी कुंडी बादलीत किंवा टबात बुडवून ठेवायची. बुडबुडे येत राहतात. म्हणजे मातीतली हवा निघून त्या जागी पाणी शिरतंय. बुडबुडे थांबले की कुंडी काढून सावलीत निथळू द्यायची. काकूंच्या कुंडीला त्यासाठी पाऊण तास लागला. कायमचा इलाज मात्र फेब्रुवारीतच होतो: नुसती काळी माती भरायची नाही. मी साधारण दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट आणि जाडसर वाळू मिळून एक भाग असं घेतो. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, वाळू माती आवळू देत नाही, शेणखत दोन्हीत हात देतं. वर मूठभर निंबोळी ढेप.

होळीची राख नको

हा सल्ला दरवर्षी फिरत असतो: होळीची राख झाडांना घाला, पोटॅश मिळतं. पोटॅश मिळतं हे खरं आहे. पण राख अल्कधर्मी असते. जिथे पाऊस जास्त आणि माती आम्लधर्मी, अशा कोकणातल्या जमिनीत थोडी राख चालून जाईल. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी आणि चुनखडीची. तिचा सामू (pH) बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. त्यात बोअरचं जड पाणी आणि वरून राख घातली की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही.

हे ओळखायला सोपं आहे. नवी पानं पिवळी पडतात पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात, हिरव्या जाळीचं नक्षीकाम केल्यासारख्या. गुलाब, जास्वंद, संत्रा, लिंबू, अनंत यांच्यावर हमखास दिसतं. लोक त्याला "खत कमी पडलं" समजून युरिया टाकतात. उपाय आहे चिलेटेड लोह. म्हणजे असं लोह की जे चुनखडीत अडकून बसत नाही. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, संध्याकाळी फवारायचं. सोबत शेणखत दरवर्षी. भारतभरच्या जमिनींचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय आपल्या अमरावती रोडवर आहे आणि आपण मात्र गच्चीवरची माती न तपासता राख टाकतो, याची मला नेहमी मौज वाटते.

खताचं वेळापत्रकही उन्हाळ्याच्या हिशोबाने ठरतं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच कोरड्या मातीत रासायनिक खत पडलं की ते मुळांतलं पाणी बाहेर ओढतं. फेब्रुवारीत माती ओली, झाड जागं, पानांचं दुकान उघडं. तेव्हा दिलेलं खत अंगी लागतं. एप्रिलच्या मध्यानंतर झाड वाढतच नाही, मग खत कोणासाठी? मी पाडव्यानंतर दाणेदार खताचा डबा बंद करतो तो थेट जूनमध्ये उघडतो.

तीन प्रकारचं "फुकट" पाणी

नागपुरातल्या प्रत्येक घरात मार्चनंतर तीन ठिकाणी पाणी वाया जाताना दिसतं, आणि काटकसरी माणसाला ते झाडांना घालावंसं वाटतं. तिन्ही पाणी सारखी नाहीत.

कूलरच्या टाकीतलं पाणी वाईट. कूलर पाण्याची वाफ करतो. वाफ उडते, क्षार मागे उरतात. रोज नवं पाणी भरत जातो तसे टाकीतले क्षार वाढत जातात. आठ दिवसांनी टाकीच्या तळाशी आणि वुडवूलवर (कूलरच्या जाळीतल्या लाकडाच्या तुसांवर) जो पांढरा थर दिसतो तो हाच. ते पाणी कुंडीत गेलं की पुन्हा कैरी-मिठाची गोष्ट. कूलरचं जुनं वुडवूल झाडांच्या बुडाशी पसरणारेही पाहिलेत. त्यावरचा पांढरा थर बघून ठरवा.

आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणीही तसंच, कारण शुद्ध पाणी आपण पितो आणि त्यातले क्षार या उरलेल्या पाण्यात जमतात. त्याने फरशी पुसा.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र चांगलं. ते हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी, म्हणजे जवळजवळ क्षार नसलेलं. कोरड्या एप्रिलमध्ये ते थोडंच मिळतं. मी ते फुलझाडांना घालतो, भाजीला नाही. मशीनमधली धूळ त्यात येते.

पाणी घालायची वेळ सकाळी साडेसहाच्या आत. दुपारी घालू नका, त्याचं मुख्य कारण आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या. मेमध्ये दुपारी तीनला नळाखाली हात धरवत नाही, ते पाणी मुळांना कसं सोसेल? उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तर आधी मोरीत सोडून द्यायचं.

माती झाकून ठेवा

कुंडीचा खरा शत्रू वरून पडणारं ऊन नाही, बाजूने तापणारी कुंडी आहे. जमिनीतल्या झाडाची मुळं खोल गारव्यात असतात. कुंडीतली मुळं भिंतीला चिकटलेली. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि माती ४० अंशांच्या पुढे गेली की मुळं दुबळी पडायला लागतात. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी मी कुंड्या हलवतो: मोठ्या कुंड्या पश्चिमेला, लहान त्यांच्या आड, सगळ्या एकमेकींना चिकटून. काळ्या कुंड्यांना बाहेरून चुना. मातीची कुंडी माठासारखी स्वतःच गार राहते, मात्र पाणीही माठासारखंच पिते.

वरून आच्छादन घालायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावर पाला पडतो आणि लोक तो जाळतात, तेव्हा मी पोतं घेऊन फिरतो. बायको ओळख दाखवत नाही. वाळलेला पाला, सोयाबीनचं कुटार, भंडाऱ्याकडून कोणी येणार असेल तर धानाची तणस, काहीही चालतं. चार बोटं जाडीचा थर, खोडापासून थोडा लांब. खोडाला टेकला की कूज आणि वाळवी. मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात एक छोटं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवलं, तोंडावर पणती झाकली, की दोन दिवस गावाला जाता येतं.

हिरवी नेट पाडव्याच्या सुमाराला बांधायची, पन्नास टक्के सावलीची. जास्त दाट घेतली तर फुलं येत नाहीत. डोक्यावर बांधून पश्चिम उघडी ठेवली तर अर्धे पैसे वाया, कारण तीन-चारचं ऊन तिरपं येतं. नेट झाडांवर अंथरायची नाही, हातभर वर ताणायची. आणि फेब्रुवारीत गारपिटीची हूल उठली की हीच नेट आधीच बांधून टाका. २०१४ च्या गारपिटीने विदर्भाचं काय केलं ते आठवत असेलच.

काय छाटायचं, काय नाही

मोगरा नव्या फुटीवर फुलतो. थंडीत त्याचं पाणी कमी करून, जानेवारी अखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला छाटून, मग खत-पाणी दिलं की उन्हाळाभर फुलं. गुलाबाची जोरदार छाटणी ऑक्टोबरमधली. आत्ता फक्त सुकलेली फुलं आणि वाळक्या काड्या. आत्ता गुलाब बोडका केला तर कोवळी फूट नेमकी एप्रिलच्या तोंडी सापडते आणि उघडं खोड भाजतं. बोगनवेलीला काही करू नका, पाणीसुद्धा हात आखडून. लाड केले की ती पानंच देते. शेवंती फुलून झाली की जमिनीलगत कापायची आणि बुडाशी आलेले मुनवे सावलीत जपायचे, जूननंतर लावायला. डेलिया-पिटुनियाचा मोह मार्चअखेर सोडावा.

संत्र्याचं वेगळं. नागपूरला राहून संत्रा न लावणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येकजण एक कलम आणतो. थंडीचा ताण बसल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत जी फुलं येतात तो आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या पुढेमागे. पावसाळ्याच्या तोंडी येतो तो मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चनंतर. शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि हवा तो बहार धरतात. ताणात झाड पानं-फांद्या वाढवणं थांबवतं, अन्न साठवतं आणि पाणी मिळताच ते फुलांवर खर्च करतं. घरच्या एका झाडाला हा खेळ खेळू नका. फुलं आली की पाणी थोडं आणि नेमाने; एकदा कोरडं, एकदा तुडुंब केलं की वाटाण्याएवढी फळं झडतात.

माझं पहिलं कलम एका रोपवाटिकेतून आणलेलं. तीन वर्षं ते जोमात वाढलं, काटे इंच-इंच, फळ आलं ते आंबट आणि खडबडीत. संत्र्याचा डोळा, म्हणजे फूट येणारी कळी, जंभेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर भरतात. माझ्याकडे डोळा केव्हाच मेला होता आणि मी जंभेरी वाढवत बसलो होतो. म्हणून फेब्रुवारीत खाली वाकून कलमाचा जोड शोधा. जोडाच्या खालून आलेली प्रत्येक फूट कोवळी असतानाच बोटाने मोडायची. वरच्या भागात सरळसोट, रसरशीत, लांब वाढणारे पाणसोट दिसले तर तेही काढा; ते अन्न खातात आणि फळ देत नाहीत.

भाजीपाला

फेब्रुवारी संपायच्या आत भेंडी, गवार, चवळी, दोडके, काकडी, ढेमसे आणि अंबाडी पेरा. बी रात्रभर भिजवून. टोमॅटो आत्ता लावू नका. पारा ३५ च्या पुढे गेला की त्याचे परागकण निकामी होतात, फूल येतं आणि गळतं. वेलांवर सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, आणि उष्णतेने ती वाढतात. मादी फुलाच्या देठाशी इवलंसं फळ असतं. काकडी-ढेमशांचं सकाळी आठच्या आत आणि दोडक्याचं संध्याकाळी, फुलं उघडल्यावर, नर फूल तोडून त्याचा केसर मादी फुलाला टेकवायचा, कारण उंच गच्चीवर मधमाशी येईलच असं नाही. सांबार (कोथिंबीर) मार्चमध्ये फुलायला लागला की त्याच्याशी भांडू नका. उन्हाने त्याला घाई झालेली असते. फुलू द्या, मधमाश्या येतात, त्या काकडीलाही जातात, आणि एप्रिलमध्ये घरचे धने मिळतात.

किडींचं थोडक्यात: फेब्रुवारीत मावा, मार्चपासून जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, एप्रिलमध्ये लाल कोळी. पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्यांची वाट तोडा, त्या त्याला फांदीफांदीवर नेऊन बसवतात. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, सूर्य बुडाल्यावरच. उन्हात तेलाने पानं भाजतात. लाल कोळ्याला कोरडेपणा आवडतो, म्हणून पहाटे पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा पुरतो.

एवढं करूनही नवतपात, २५ मेपासूनच्या त्या नऊ दिवसांत, काही झाडं मान टाकतीलच. दुपारी टाकलेली मान रात्री उचलली तर पाणी वाढवू नका, त्यांनी शटर ओढलंय इतकंच. सकाळी सहालाही मान खाली असेल तेव्हा बादली काढा.

आज गच्चीच्या सावलीत चाफ्याच्या तीन फांद्या आडव्या पडल्यात. परवा कापल्या. कापल्या जागेतून चीक गळत होता तो आता थांबलाय, पण जखम अजून ओली आहे. अशीच मातीत खोचली तर कुजते. आठवडाभराने ती टणक आणि कोरडी होईल, मग लावेन. मुलगी रोज विचारते, बाबा, त्यांना पाणी का देत नाही?